तळाचे छिद्र

मी एक राखाडी डबा बोलत आहे. फिजीच्या पूर्वेकडील एका लहान बेटावर, रेडिओच्या खांबाला मला जखडलेले आहे. वरून अँटेनाची तार येते, खालून खोलीतली केबल येते आणि त्या दोहोंचा सांधा माझ्या पोटात असतो. वारा जरा वळला की मी अस्वस्थ होतो.

माझ्या तळाला जन्मापासून एक बारीक छिद्र होते. त्यातून मुंग्या शिरल्या. त्यांची अखंड वळवळ, माती, अंडी! रेडिओ सांभाळणारा फिलिमोने संतापला. त्याने मला आतून स्वच्छ केले आणि नीरफणसाचा चीक लावून ते छिद्र बुजवले. होडीच्या फटी तो असाच बुजवीत असे. पाणी नेहमी बाहेरूनच आत येते, अशी त्या दर्यावर्दी माणसाची पक्की समजूत होती.

त्याचा आतेभाऊ इसोआ खाली उभा होता. आते-मामेभावांनी एकमेकांची टर उडवावी, ही तेथील रीतच.

"काय रे, डबा समुद्रात लोटतोस की काय? वल्ही विसरलास!"

"चीक उरलाय थोडा. तुझ्या तोंडाला लावू?"

दिवसा मी तापे, रात्री निवे. आतल्या हवेला घाम फुटे. थेंब साठत राहिले. त्यांना बाहेर पडण्यास वाटच नव्हती. पितळी जोडांवर हिरवा कळंक चढला. मी ओरडणार तरी कसा?

एके दुपारी इसोआ मासेमारीला गेला असताना वारा फिरला. बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्यातून आत येण्याची वाट फेसाने भरून गेली. तिच्यात शिरणारी होडी फुटणार, हे किनाऱ्यावरून स्पष्ट दिसत होते. समुद्रावरून मात्र दिसत नव्हते. इसोआच्या होडीतही रेडिओ होता, पण आमच्या रेडिओतून नुसती खरखर येत होती.

फिलिमोने सुरी घेऊन धावला. "लितिया, मी सांगेपर्यंत बोलायचं बटण दाबू नकोस!" त्याने बायकोला बजावले. झाकण उघडताच पाणी त्याच्या मनगटावरून ओघळले. पाणी बाहेरून नव्हे, आतच साठले होते, हे त्याला उमगले. मग चीक खरवडला, अंगातला सदरा काढून मला पुसले, कळंक घासला, जोड आवळले.

"आला! आवाज आला!" लितिया खिडकीतून ओरडली.

फिलिमोने खोलीत धावला. "इसोआ, वाटेत शिरू नकोस! बाहेरच्या धाकट्या बेटाच्या आडोशाला थांब!"

उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

"थांबतो बाबा! तुझं बोंबलणं ऐकून मासेसुद्धा पळाले!"

फिलिमोने भिंतीला टेकून खाली बसला. तो हसत होता.

आता माझे छिद्र मोकळे आहे; त्यावर मुंग्यांसाठी बारीक जाळी आहे. तरीही ढग दाटले की मला चैन पडत नाही. मला जपणाऱ्यांनो, एवढेच करा: जाळी लावा, पण वाट बुजवू नका. इसोआ तर समुद्रावर जाण्यापूर्वी न चुकता माझ्या तळाला बोट लावून पाहतो आणि म्हणतो, "बरं आहे. मामेभावाने आज मला बुडवायचं ठरवलेलं नाही."