खालच्या फळीवरचे उंदीर

प्रणिता रसायनशास्त्रज्ञ होती आणि उंदरांना घाबरायची. त्यामुळे काही अडत नव्हतं, कारण सिंगापूरमधल्या तिच्या छोट्याशा कंपनीत औषधाचे रेणू बनवणारे एका मजल्यावर बसत आणि ते उंदरांना देऊन बघणारे दुसऱ्यावर. औषध डोळ्याच्या पडद्यासाठी होतं. काही घराण्यांत चालत येणाऱ्या एका आजारात या पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरत जातात. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग आजूबाजूचं, आणि शेवटी माणूस नळीतून बघावं तसं जग बघतो.

तिचा थोरला भाऊ अश्विन तसंच बघायचा. चोआ चू कांगला राहायचा, बँकेत होता आणि आपल्याला विशेष काही झालेलं नाही यावर ठाम होता. एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनात खांबावर आदळला की तो खांबाला सॉरी म्हणे आणि पुढे जाई.

बाविसाव्या रेणूने काम केलं. औषध दिलेल्या उंदरांच्या पडद्यातला पेशींचा थर जाड राहिला, न दिलेल्यांचा झिजून गेला. दादाला इतक्यात सांगायचं नाही, असं प्रणिताने दुपारी ठरवलं आणि संध्याकाळी त्याला फोन केला.

"फक्त उंदरांत, दादा. माणसांपर्यंत यायला कितीतरी वर्षं लागतील. आलंच तर. आणि कुणाला सांगू नकोस."

"कळतं गं मला," अश्विन म्हणाला. पुढच्या रविवारपर्यंत शहराच्या दुसऱ्या टोकाला, बिशानला राहणाऱ्या त्याच्या मित्रांनाही कळलं.

गुंतवणूकदारांपुढे सादरीकरण होतं. कंपनीच्या प्रमुख डॉ. तिओ यांना त्यात एक फोटो हवा होता, रेणू बनवणारी बाई आणि तिचे उंदीर. नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून प्रणिता गाऊन, टोपी, मास्क चढवून पहिल्यांदाच उंदरांच्या खोलीत गेली. उंच रॅकवर पिंजरे होते. औषध न दिलेले वरच्या फळीवर, अगदी ट्यूबलाइटखाली. औषध दिलेले सगळ्यात खाली. सरमिसळ होऊ नये म्हणून ही व्यवस्था.

ती खाली उकिडवी बसली आणि पिंजऱ्याशेजारी तोंड नेऊन सेल्फी काढला. फोटो काळा आला. पुन्हा काढला. पुन्हा काळा. तिथे अंधार होता.

मग तिने मान वर करून ट्यूबलाइटकडे पाहिलं. हे उंदीर पांढरे होते. अशा उंदरांचा पडदा नुसत्या उजेडानेही झिजतो. कंपनीत सगळ्यांना हे ठाऊक होतं, नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगत. फळ्यांकडे मात्र कुणी बघितलं नव्हतं.

ती तशीच डॉ. तिओंच्या केबिनमध्ये गेली. टोपी डोक्यावरच होती.

"आपले उंदीर औषधाने वाचले नसतील," ती म्हणाली. "सावलीने वाचले असतील."

डॉ. तिओंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"फोटो आला?"

"काळा आला."

"मग तोच दाखवू या," त्या म्हणाल्या, आणि खरोखरच दाखवला.

प्रयोग पुन्हा झाला, या वेळी पिंजऱ्यांच्या फळ्या सारख्या बदलत ठेवून. दोन्ही गटांचे पडदे सारखेच झिजले. बाविसावा रेणू कुणाचं वाईट करत नव्हता. भलंही करत नव्हता.

रविवारी प्रणिता चोआ चू कांगला गेली. ऋतावहिनी पोळ्या करत होत्या. अश्विनने सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे सावलीतले उंदीर टिकले."

"हो."

"मग मीही सावलीत बसतो."

"तुझा आजार नुसत्या सावलीने थांबणारा नाही, दादा. उन्हात गॉगल घाल म्हणून डॉक्टर सांगतात, तेवढा घाल."

"गॉगल घातला की आहे तेही दिसत नाही." तो थोडा थांबला. "तू बोलली नसतीस तर?"

"पुढे कधीतरी कळलंच असतं. तोवर माणसांना औषध दिलं गेलं असतं."

"मी पहिला नंबर लावला असता."

"माहितीये. म्हणून तर."

अश्विन उठून आतल्या खोलीत गेला. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाला. दोघीच जेवल्या. वरणात मीठ नव्हतं, पण दोघींपैकी कुणी तसं म्हटलं नाही. प्रणिता निघायला लागली तेव्हा तो दारात आला.

"मी सगळ्यांना सांगून बसलोय."

"सांगू नकोस म्हटलं होतं मी."

"तुला तरी राहवलं होतं का?"

तिला नव्हतं राहवलं. ती बूट घालत राहिली. लेस बांधायला तिला नको इतका वेळ लागला, आणि अश्विन ती बांधून होईपर्यंत दार धरून उभा राहिला.

नंतर महिनाभर त्याचा फोन आला नाही. आला तो कामाच्या वेळेत.

"ऑफिसात सांगितलं," तो म्हणाला. "मॅनेजरला. डोळ्यांचं."

प्रणिताच्या हातातला चमचा तराजूवर तसाच राहिला. "मग?"

"फार चांगला माणूस आहे. दुसऱ्याच दिवशी मला भला मोठा मॉनिटर आणून दिला. भिंतीएवढा."

"अरे, पण तुला तर..."

"मधलं तेवढंच दिसतं, हो. आधी सगळा तक्ता एका नजरेत मावायचा, आता अर्धा शोधत बसतो. पण इतक्या हौसेने दिलाय, परत कसा करू?"

प्रणिता इतकी हसली की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने वळून पाहिलं. पलीकडे अश्विनही हसत होता. मग त्याला मीटिंग होती आणि तिला तेविसाव्या रेणूचं वजन करायचं होतं.