पॉइंटवाल्यांचं फुकट तिकीट

धाकटीच्या यजमानांचं चष्म्यांचं दुकान होतं, पण नात्यात त्यांना कुणी चष्मेवाले म्हणत नसे. सगळे म्हणत पॉइंटवाले. ह्या गृहस्थाने आयुष्यात रोख पैसे मोजले असतील तर ते फक्त न्हाव्याला, आणि तेसुद्धा न्हाव्याकडे कार्डाचं मशीन नव्हतं म्हणून. बाकी सगळा खर्च क्रेडिट कार्डावर, कारण खर्चावर बँक बक्षिसाचे पॉइंट देते. शेजाऱ्यांचा फ्रिजदेखील ह्यांच्या कार्डावर आला. पैसे शेजाऱ्यांनी दिले, पॉइंट ह्यांनी घेतले. हॉटेलात दहा माणसं जेवायला बसली की सगळ्यांच्या आधी ह्यांचं कार्ड पुढे, आणि मग दारात उभं राहून एकेकाकडून वसुली. धाकटीला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

हे पॉइंट विमान कंपनीकडे वळवले की त्यांचे मैल होतात आणि मैलांवर तिकीट फुकट मिळतं, हे तिला लग्नानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षापासून पाठ होतं. मिळालेलं मात्र तिने एकही पाहिलं नव्हतं. कुठे जायचं म्हटलं की पॉइंटवाले मान हलवायचे. "आत्ता नको. आत्ता काढलं तर पॉइंट वाया जातील."

फिरायला जायचं असतं तर तिने हेही गिळलं असतं. पण आता गोष्ट ताईची होती. ताई म्हणजे धाकटीची थोरली बहीण, औषधांच्या कंपनीत नोकरीला, जन्मभर गावोगाव उडालेली, आणि बोलायला लागली की समोरच्याच्या चहावर साय धरेपर्यंत न थांबणारी. त्या ताईच्या घशात गाठ निघाली होती. येत्या गुरुवारी ऑपरेशन होतं. जीव वाचेल म्हणाले डॉक्टर, आवाज नाही. स्वरयंत्रच काढायचं होतं. धाकटीला त्याआधी ताईच्या दूरच्या शहरात जाऊन तिच्याजवळ बसायचं होतं आणि तिची बडबड ऐकायची होती. जगात दुसरं काही नको होतं तिला.

आणि हे महाशय तीन दिवस कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसले होते.

"थेट विमानाला दुप्पट मैल मागतायत," ते म्हणाले. "उद्या स्वस्तातल्या जागा खुल्या होतील."

"कालही हेच म्हणालात."

"नाहीतर असं कर, तीन विमानं बदलून जा. निम्म्या मैलांत काम होतं. मधे एक रात्र विमानतळावर बसायचं, एवढंच."

धाकटी घरी पडदे शिवायची. तिने मशीन थांबवलं, तोंडातल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या आणि शांतपणे म्हणाली, "अहो, मैल काय वर घेऊन जाणार आहात का? थेट विमानाचं काढा. आत्ता. माझ्यासमोर."

तिचा तो शांत आवाज पॉइंटवाल्यांना चांगला ठाऊक होता. जीव तीळ तीळ तुटत असताना त्यांनी शनिवारची जागा निवडली, बायकोचं नाव भरलं, बटण दाबलं. कॉम्प्युटरवर लाल अक्षरं आली. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा दाबलं. पुन्हा लालच.

मग विमान कंपनीला फोन. तो कॉल कंपनीसाठी किती महत्त्वाचा आहे हे भरपूर वेळा ऐकून झाल्यावर एक मुलगी बोलली. तुमचं हे कुटुंबाचं खातं आहे, त्यातल्या पाच जणांनाच ह्या मैलांवर तिकीट मिळतं, आणि ह्या बाई त्यात नाहीत. माणूस बदलता येईल, पण नवीन नाव चालू व्हायला महिना जाईल.

"त्यात कोण कोण आहे?" धाकटीने विचारलं.

पॉइंटवाल्यांनी कॉम्प्युटरकडे बघत सांगितलं. ते स्वतः, दोन्ही मुलगे, त्यांच्या बहिणीचे यजमान आणि ताई.

"ताई? आणि मी?"

"आधी तू होतीस," ते चाचरत म्हणाले. "पण ताई सारख्या विमानाने फिरायच्या ना. त्यांचे मैल आपल्या खात्यात यायचे. तू काय, कुठे जातेस कधी?"

धाकटीने कपाळावर हात मारला नाही, ती भांडलीही नाही. भांडायला अंगात त्राण लागतं. पडद्यांचं कापड, किराणा, मुलांच्या फिया, सगळं आपण इतकी वर्षं मुकाट्याने ह्यांच्या कार्डावर घातलं, आणि घरच्या पाचांत आपणच नाही. तिला रडू यायला लागलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

तिने ताईला फोन लावला. विकत तिकीट काढून निघते एवढंच सांगायचं होतं, पण ताईने खोदून खोदून सगळं काढून घेतलं. मग पलीकडे हसण्याचा आवाज आला, आधीच घोगरा, पुढे खोकल्यात अडकलेला. धाकटीने फोन कानाला घट्ट धरला.

"म्हणजे खात्यात मी आहे," दम घेऊन ताई म्हणाली.

"आहेस ना, बाई."

"मग मीच येते. डॉक्टर म्हणालाय, बुधवारपर्यंत काय हवं ते करा. औषधांच्या वासात कसल्या गप्पा मारायच्या? भावजींना म्हणावं, थेट विमानाचं काढा. आणि खिडकीची जागा."

पॉइंटवाल्यांनी तिकीट काढलं. जाण्याचं आणि येण्याचं, खिडकीची जागा धरून. एकदाही कुरकुरले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी ताई विमानतळाच्या दारातून बाहेर आली ती बोलतच. गळ्याला रुमाल होता आणि आवाज फाटलेला, पण ती गाडीत पुढच्या सीटवर बसली आणि तिने पॉइंटवाल्यांना फैलावर घेतलं. बायकोला खात्यातून काढणारा माणूस तिने ह्या आधी पाहिला नव्हता. लग्नातही तुम्ही आहेर कार्डावर घेतला असता, भावजी, मशीन असतं तर. मागे बसलेली धाकटी हसली, मग रडली, आणि रस्ता संपू नये असं तिला फार वाटलं.

घराचं वळण आलं. पेट्रोल वाचवायला दुकानात चालत जाणाऱ्या त्या माणसाने गाडी वळवली नाही. शहराबाहेरून फिरणाऱ्या लांबच्या रस्त्याला लावली.

"अहो, वळण गेलं," धाकटी म्हणाली.

"माहीत आहे," पॉइंटवाले म्हणाले. "ताईंचं बोलून व्हायचंय अजून."

मग ताईने पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.