तारा झालेले काका

तारांगणाच्या निवेदिकेची आज परीक्षाच होती. खेळ रंगला तर नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेरीस रजा, असं संचालकबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. त्या मागच्या रांगेत येऊन बसल्या आणि नेमकी तेव्हाच प्रोजेक्टरने मान टाकली.

एकमेकांभोवती फिरणारे जोडतारे दाखवायचे होते. आता तारे आणायचे कुठून? तिने दिवे लावले. पुढेच एक ऐसपैस काका आणि शिडशिडीत काकू बसल्या होत्या.

"काका, काकू, जरा तारे होता का?"

"चला उठा," काकू नवऱ्याला म्हणाल्या. "घरी नुसता ग्रह होऊन बसता."

दोघं हात धरून गरगर फिरू लागली. काकांच्या मोकळ्या हातात तिने ग्रहांच्या खेळातले दोन चेंडू दिले, एक पांढरा, एक लाल, आणि फिरता फिरता ते मागच्या रांगेकडे सोडायला सांगितले. काका त्या रांगेपासून लांब जात असताना पांढरा चेंडू सुटला, तो रेंगाळत निघाला. रांगेकडे येताना लाल सुटला, त्याला काकांच्या वेगाचाही धक्का मिळाला. लांबलचक वाटेत लालने पांढऱ्याला गाठलं आणि संचालकबाईंच्या चपलेवर आधी तोच आदळला. टाळ्या पडल्या.

"प्रकाशाचंही असंच होतं?" बाईंनी विचारलं.

निवेदिकेने मान हलवली. "नाही. मात्र इथे बॅटरी लावून ते कळणार नाही, फरक असलाच तरी डोळ्याला दिसायचा नाही. म्हणून तर खरे तारे हवेत. त्यांचा प्रकाश वर्षानुवर्षं वाटेत असतो. त्याला ताऱ्याचा धक्का मिळत असता तर मागून निघालेला प्रकाश पुढच्याला गाठता आणि एकच तारा एका वेळी दोन ठिकाणी दिसता. पण दुर्बिणीत जोडतारे कसे शिस्तीत फिरताना दिसतात. तारा जवळ येवो नाहीतर लांब जावो, प्रकाश आपल्याच वेगाने येतो."

"म्हणजे ह्यांच्या ढकलण्याला तो भीक घालत नाही," काकू धापा टाकत म्हणाल्या. "अगदी माझ्यासारखा."

सभागृह हसत असतानाच घुमट लखलखला. प्रोजेक्टर सुरू झाला होता.

"बंद करा तो," मागून कुणीतरी ओरडलं, "अजून आमची पाळी यायचीय."

संचालकबाई दोन्ही चेंडू घेऊन पुढे आल्या. "नेमणुकीचे कागद सोमवारी देते," त्या निवेदिकेला म्हणाल्या आणि पदर खोचून त्यांनी काकांसमोर हात पुढे केला. "आता फिरवा मला. जरा जपून, मला चक्कर येते."