माझा कोनाडा बुजवू नका

मित्रांनो, मी दीपस्तंभ आहे, जुना, आणि समुद्र मी कधी पाहिलेला नाही. माझ्या पायाशी तापी आहे. शिंदखेड्याहून इकडे यायला आजही धड रस्ता नाही. बाभळीचं रान आणि खोल घळी.

काळ्या दगडात मला बांधलं ते नावाड्यांसाठी. माथ्याजवळ कोनाडा, त्यात दिवा. संध्याकाळी नाव काठाला लागली की शेवटी उतरणारा माणूस पायऱ्या चढून दिव्यात तेल ओतायचा, मागून येणाऱ्या नावेसाठी. तिच्यात कोण आहे, कोणत्या जातीचं, हे कोणी विचारत नव्हतं. दिवा दिसला की पुराच्या पाण्यातून सुकदेव नावाडी आनंदाने ओरडायचा, "दिवा दिसना रे!" त्या हाकेसाठी मी अजून कान देऊन उभा आहे.

मग लांब खालच्या अंगाला पूल झाला. नावा गेल्या, दिवा विझला. माझे दगड लोकांनी गोठ्याला नेले. नेणाऱ्यांची नावं सांगितली तर अर्ध्या गावाची मान खाली जाईल. पुलावरच्या गाड्यांचे दिवे मला रोज दिसतात. माझ्याकडे कोणी पाहत नाही.

आता म्हणे माझं संवर्धन चाललंय. म्हणजे काय, तर गुलाबी ऑइलपेंट फासला! काल मुकादम पितांबर सिमेंटचं घमेलं घेऊन वर आला. पारवे घाण करतात, म्हणून कोनाडा बुजवायचा. सुकदेवची म्हातारी बायको भिकुबाई धापा टाकत पायऱ्या चढली.

"काय करी ऱ्हायना रे भाऊ?"

"सुधारना, आक्का. नाव नही, नावाडी नही. आते दिवा कोनले दखाडना शे?"

"तुलेच दखाडना शे. तुले भरदुपारी दिसत नही!"

तिने कोनाड्यात कोपरापर्यंत हात घातला. "लाव सिमेट. पहिले हाऊ हात बुजी टाक."

खालचे मजूर हसले. "पितांबरभाऊ, आक्काले बी गुलाबी रंग दी टाका!"

पितांबरने समजावलं, मग दरडावलं, मग साहेबांना फोन लावला. हात निघाला नाही. ऊन चढलं आणि घमेल्यातलं सिमेंट दगड झालं. शिव्या देत तो उतरला.

आज नवं सिमेंट येणार आहे. मित्रांनो, मला रंग नको, पाटी नको. निखळलेले दगड बसवा आणि माझा दिवा लावा. दिव्याशिवाय मी नुसता ढीग आहे. भिकुबाई सकाळपासून वरच्या पायरीवर बसली आहे. एकटीच. तिच्या शेजारी अजून जागा आहे.