झिजलेले तळवे

“पाय बसवून दिला की आपलं काम संपलं, असं समजू नकोस. तीन महिन्यांनी त्या माणसाच्या घरी जा आणि पाय कुठे आहे ते डोळ्यांनी बघ. दाराआड उभा असेल तर आपण नुसतं सामान बनवलं, दुसरं काही नाही.”

मोठ्या बाईंनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पट्ट्याचं बक्कल घासत, मान वर न करता. कृत्रिम पाय बनवून ते फुकट बसवून देणारी आमची ही संस्था त्यांनी उभी केली. कारखान्याच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरातली पाटी आहे: ‘माणूस आपल्या पायांनी चालता झाला पाहिजे.’ मी तेव्हा हो म्हटलं होतं आणि काही वर्षं घरोघरी गेलेही. मग बाई गेल्या, काम वाढलं, आणि ते जाणं कधी थांबलं हे मला आठवूनही सांगता येत नाही. सकाळी उठल्यापासून नऊ वाजेपर्यंतचं माझं मौन एक दिवस चुकलं नाही, पण दिलेला शब्द मात्र असा बिनबोभाट सुटून गेला.

तो आठवायला एक तक्ता निमित्त झाला.

आमचे नवे साहेब वयाने माझ्या भाच्याएवढे, पण कामाला वाघ. आल्या आल्या त्यांनी आठही कारागिरांची वर्षाची उद्दिष्टं ठरवायला घेतली. “आपल्याकडून नेमकं काय हवंय हे प्रत्येकाला कळायला नको का, ताई?” ते म्हणाले, आणि मला ते पटलंही. साठ माणसं यादीत वाट बघत होती. तक्त्यात दोनच रकाने होते. महिन्याला बसवलेले पाय, त्याचे गुण मिळायचे. दुरुस्तीला परत आलेले पाय, त्याचे गुण वजा व्हायचे. सगळ्यांत खाली येणाऱ्याने बसवणीचं टेबल सोडून पट्टे कापायला जायचं. कारखान्याची प्रमुख म्हणून शुक्रवारपर्यंत माझी सही हवी होती.

सगळ्यांत खाली गोगलगाय होता.

हे नाव त्याला कारखान्यानेच ठेवलेलं. बत्तीस वर्षं पाय बसवतोय, पण एका पायाला इतरांच्या तिप्पट वेळ. महिन्याला पाच बसवायचा आणि वर्षात त्याचे अकरा परत आलेले. सगळ्यांत वर होता तुफान. महिन्याला चौदा, आणि परत आलेला फक्त एक. परत आलेल्यांचा आकडा वर्षानुवर्षं मीच वहीत लिहीत आले होते, त्यामुळे तक्ता खोटा म्हणायची सोय नव्हती.

बातमी लपते थोडीच. दुपारी तुफानने सुरुवात केली. “काका, पट्टे तरी झटपट कापा हं. नाहीतर पेशंटला पाय हाताने धरून चालावं लागेल.”

“तुझे पाय तर फार पळतात म्हणे,” गोगलगाय कानस पुसत म्हणाला. “पेशंटला मागे टाकून.”

सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्यात काय सांगितलं गेलं ते माझ्या डोक्यावरून गेलं.

संध्याकाळी जाताना तो माझ्या टेबलापाशी थांबला. “ताई, पट्टे कापण्यात मला कमीपणा नाही. पण माझी माणसं दुरुस्तीला येतील तेव्हा मला टेबलापाशी येऊ द्याल ना? त्यांचं दुखणं मला ठाऊक आहे.” मी बघते म्हणाले. एवढं बोलून सुटले.

घरी नणंदेने दारातच ओळखलं. “वहिनी, आज कुणाशी बिनसलं? देवाशी की साहेबांशी?”

“जेवू दे आधी.”

“जेवा की. एकच वेळ जेवता, तेही आज ताटातल्या ताटात फिरतंय.”

मग मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होती. कुंडी माझ्या जुन्या शिवणयंत्रावर ठेवलेली आहे. “हे यंत्र बघा,” ती म्हणाली. “सोळा वर्षांत एकदाही दुरुस्तीला गेलं नाही. काय गुणाचं यंत्र, नाही?”

“वन्सं, टोमणा कळला. शिवायला बसेन एकदा.”

“तुम्ही कसल्या बसताय. झाड मात्र छान वाढलंय त्यावर.”

माझा हात ताटातच थांबला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजताच कारखाना उघडला. मौन सुटायला तासभर होता. परत आलेले पाय ठेवतो त्या फळीपुढे जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं त्या फळीवरच्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या, पाय वाचले नव्हते. एकेक उचलून उलटा केला. पाय बाहेर जाताना त्याच्या रबरी तळव्यावर आम्ही शाईने क्रमांक घालतो. चार-आठ दिवस चाललं की तो पुसला जातो. गोगलगायच्या एकाही पायावर क्रमांक उरला नव्हता. एकाची टाच निम्मी झिजलेली. एकाच्या बोटांच्या फटीत सिमेंट सुकलेलं. एकावर सायकलच्या पायडलच्या रेघा, आणि एकाला तर मालकाने स्वतःच टायरचा तुकडा ठोकून वापर चालू ठेवलेला. तुफानचा एकुलता एक पाय बक्कल तुटलं म्हणून आलेला होता. त्याचा तळवा उलटा केला. क्रमांक ठळक, जणू कालच घातला होता.

जे पाय चालले ते परत आले होते. ते परत येणं मी वर्षानुवर्षं दोष म्हणून लिहीत आले होते.

पण तळव्यावरून तुफानला दोषी धरणंही घाईचंच झालं असतं. वहीतून त्याचे तीन पत्ते काढले आणि दोन दिवसांत तिन्ही घरं पाहिली. पहिला एक पहारेकरी. तो फाटकापासून मला चालत घ्यायला आला, मजेत होता. दुसऱ्या घरी पाय खाटेखाली होता, दिला त्याच पिशवीत. तिसरं घर इस्त्रीवाल्या मावशींचं. त्या उंच स्टुलावर बसून इस्त्री करत होत्या, बाजूला जुनी कुबडी. पाय दाराआड उभा होता आणि त्याच्यावर छत्री अडकवलेली होती.

“टोचतो का?” मी विचारलं.

मावशींनी इस्त्री बाजूला ठेवली. “आतल्या अंगाला टोचतो थोडा. पण फुकट दिलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची, बाई? त्या मुलाने इतक्या लगबगीने बसवून दिला. उगाच त्याला बोल लागायचा.”

“बुधवारी येते,” मी म्हणाले. “ज्याने बसवला त्यालाच घेऊन येते.”

“त्याला रागावू नका हं.”

शुक्रवारी साहेबांच्या टेबलावर, त्या तक्त्यावरच, मी टायर ठोकलेला पाय ठेवला.

“ताई, हा तर पार झिजलाय.”

“म्हणूनच परत आला. जे झिजले नाहीत ते घरीच आहेत.” आणि तीन घरांची हकिगत सांगितली, पहारेकऱ्याचीही. साहेबांनी तळव्यावरून अंगठा फिरवला.

“म्हणजे मी लोकांना पाय घरी ठेवायचं उद्दिष्ट देत होतो,” ते म्हणाले. मग लगेच, “पण साठ माणसं वाट बघताहेत, ताई. सगळेच काकांच्या चालीने गेले तर?”

“आकडा राहू दे की. फक्त पाय दाराबाहेर पडला की मोजू नका, तीन महिन्यांनी माणूस त्याच्यावर चालत असेल तर मोजा. दुरुस्तीला आला तर गुण कापू नका. तुफानचा हात आणि काकांची नजर, दोन्ही लागणार आहे आपल्याला. पाटीवर बाईंनी पाय बनवा असं लिहिलेलं नाही.”

ते मान वळवून पाटी वाचू लागले. रोज तिच्याखालून जात होते. “फोन करून विचारलं तर?”

“फोनवर मावशी छान आहे म्हणाल्या असत्या.”

“मग घरोघरी जाणार कोण?”

“मी. आठवड्याला चार घरं, आळीपाळीने एकेकाच्या यादीतली. तक्त्यात प्रमुख म्हणून माझं नाव आहे, पुढचा रकाना रिकामाच, त्यात लिहा.”

त्यांनी लिहिलं, आणि जुन्या तक्त्यावर आडवी रेघ मारली. गोगलगायचं बसवणीचं टेबल सुटलं नाही. उलट नव्या तक्त्यात त्याच्या नावापुढे आणखी एक ओळ आली: दर महिन्याला एका कारागिराला शेजारी बसवून घ्यायचं.

तुफानला मी बाजूला घेऊन सांगितलं. त्याचे कान लाल झाले. “तीनपैकी दोन?” एवढंच म्हणाला आणि तडक गोगलगायच्या टेबलापाशी गेला.

“काका, आतल्या अंगाला टोचतो म्हणजे कुठे घासायला हवा?”

“मला काय विचारतोस? त्यांना विचार. चार वेळा उठव, बसव. त्या बरं आहे म्हणतील. तेव्हा पायाकडे बघू नकोस, तोंडाकडे बघ.”

“आणि वेळ किती लागेल?”

“गोगलगायला विचारतोयस,” काका म्हणाले, आणि आपली बारीक कानस त्याच्या हातात दिली.

बुधवारी पूजा आटोपून साडेसातला निघाले. मावशींचं घर दोन बस बदलून, पोचेपर्यंत नऊ वाजतात. आमच्या घराच्या फाटकापाशी तुफान आधीच उभा होता, खांद्याला पिशवी, पिशवीतून कानशीची मूठ डोकावत होती. माझं मौन त्याला माहीत आहे. एरवी क्षणभर गप्प न बसणारा तो पोरगा काही बोलला नाही. त्याने फाटक उघडून धरलं, आणि आम्ही दोघं स्टॉपच्या दिशेने चालू लागलो.