कपाशीच्या चार ओळी

पहिला दणका खांद्यावर बसला, तरी बियाणे निरीक्षकाने हातातली नळी सोडली नाही. नळीत कपाशीचं कुटलेलं पान, त्यात बुडवलेली कागदी पट्टी, आणि पट्टीवर उमटलेल्या दोन ठसठशीत रेघा. वाण मंजुरी नसलेलं होतं, यात आता शंका उरली नव्हती.

समोर फावड्याचा दांडा घेऊन उभा असलेला माणूस परका नव्हता. त्याच्याच थोरल्या बहिणीचा नवरा होता. मक्याच्या आडोशाला त्याच्याकडून या चार ओळी लावून घेणारा कंपनीचा माणूस सरकारी गाडी दिसताच पसार झाला होता.

“नुसती चाचणी आहे ही! विकतोय कुठे मी?” भावोजी ओरडले.

“चाचणीलाही परवानगी लागते, भावोजी. फुलं आलीत. उद्या हे शेजाऱ्यांच्या बियाण्यात मिसळलं, तर निस्तरणार कोण?”

“मला अक्कल शिकवतोस? माझ्या घरचं खाऊन मोठा झालास तू!”

ते खरंच होतं. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. पण एकवीस वर्षांच्या नोकरीत त्याने कुणाच्या बांधावर चहासुद्धा घेतला नव्हता. लोक त्याला पाठीमागे ‘कोरडा’ म्हणत. त्याने नळी खिशात घातली, वाकला आणि पहिलं झाड मुळासकट उपटलं.

दुसरा दणका मनगटावर आला. हाड मोडल्याचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला. तिसरा पाठीत. तो गुडघ्यांवर कोसळला, पण डाव्या हाताने त्याने पुढचं झाड धरलं. सरकारी गाडीचा ड्रायव्हर मध्ये पडायला धावला, तर त्याचंही डोकं फुटलं.

“अहो, मरेल तो!” म्हणत ताई धावत आली आणि दोघांच्या मध्ये शिरली. उगारलेला दांडा तिच्या तोंडावर बसला. ओठ फाटला, पुढचे दोन दात मातीत पडले. तेव्हा कुठे भावोजींच्या हातून दांडा गळाला.

चौथ्या दिवशी ताई दवाखान्यात आली. टाक्यांमुळे तिला धड बोलता येत नव्हतं.

“ते कोठडीत आहेत. तक्रारीत तूच नाव लिहिलंस ना त्यांचं?”

“हो.”

“लिहिताना हात नाही थरथरला तुझा?”

“थरथरला, ताई. डाव्या हाताने लिहिलं.”

तिने पदराने ओठावरचे टाके टिपले.

“यापुढे माझ्या दारात पाऊल टाकू नकोस,” ती म्हणाली आणि उठली.

दरवाजापाशी जाऊन ती परत वळली. हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे त्याच्या शर्टाची बटणं उघडीच होती. तिने ती खालपासून वरपर्यंत एकेक करून लावली, कॉलर सरळ केली आणि निघून गेली.