खिळ्यावरचं पाणी

पृथ्वीच्या त्या दक्षिण कुशीत ऋतू उलटे फिरतात. आपल्याकडे फाल्गुन पळस पेटवतो. तिथे फाल्गुनात आकाश फुटतं. उसाच्या हिरव्या लाटांवर, कापराच्या झाडांच्या काळोख्या छत्र्यांवर, गाईंच्या ओल्या पाठींवर, पत्र्याच्या तांबड्या छपरांवर पाऊस पडत होता, पडत होता आणि पडतच होता. ढग इतके खाली वाकले होते की टेकडीवरची शाळा त्यांच्या पोटात शिरली होती. आणि या सगळ्यांतून मातकट, मेदुर, मंदगामिनी वॉराबी नदी चालली होती. टॅलोबिन गावाला कडेवर घेऊन, आईनं लेकरू घ्यावं तशी.

कालिंदीबाई आठल्ये तिच्याकडे पाहायच्या, तेव्हा त्यांचे हात आपोआप जुळायचे. नावातच यमुना घेऊन जन्मलेली ती बाई. यजमान श्रीपादबुवा कीर्तनकार. कोकणातल्या कौलारू देवळांतून ते जन्मभर नारदाच्या गादीवर उभे राहिले आणि कालिंदीबाई त्यांच्यामागे झांज घेऊन उभ्या राहिल्या. बुवा गेले, देवळातले दिवे मागे राहिले, आणि लेक केतकी आईला सातासमुद्रापार आपल्या घरी घेऊन आली. लेक नदीपलीकडच्या इस्पितळात नर्स. आईच्या सामानात एक बाजाची पेटी होती, आणि लाल फडक्यात बांधलेली बुवांची चिपळी. त्या फडक्याची गाठ बुवांच्या मागे कुणी सोडली नव्हती.

इथल्या कापराच्या झाडाचं पान चुरगळलं की हाताला आरतीचा वास यायचा. बाईंना तेवढी ओळख पुरली. म्हणाल्या, देव इथेही आहे हो, फक्त आरती व्हायची राहिलीय.

आणि शेजारी होते डेस हार्टिगन. उंच, वाकलेले, उन्हानं तांबूस झालेले. जन्मभर गाई पाळलेले, बायको गेल्यापासून किटलीशी बोलणारे. बाई त्यांना डेसभाऊ म्हणत, ते बाईंना कॅली म्हणत. बाईंचं इंग्रजी चार वाटांनी जायचं, पण पोचायचं.

"तुझा नवरा काय करायचा, कॅली?"

"देवापुढे उभं राहून गाऊन गोष्ट सांगायचे."

"रोज?"

"रोज."

"मग देव बिचारा झोपायचा कधी?"

बाई इतक्या हसल्या की हातातल्या ताटलीतल्या नारळाच्या वड्या पायरीवर सांडल्या.

टॅलोबिनची घरं लाकडी खांबांवर उभी असत, बगळ्यांनी पाणथळीत उभं राहावं तशी. डेसभाऊंच्या ओसरीचा एक खांब साऱ्या गल्लीचं दैवत होता. जमिनीपासून वरपर्यंत त्यात खिळे होते; एकेका महापुराचा एकेक खिळा. खालचे गंजलेले, काळवंडलेले. पण सर्वांत वरचा, ओसरीच्या फळ्यांवर गुडघाभर उंचीचा खिळा पितळी होता. डेसभाऊ लहान असताना त्यांच्या वडिलांनी तो ठोकला होता आणि म्हणाले होते, पाणी याच्या वर जायचं नाही. त्या एका वाक्यावर सारी गल्ली वर्षानुवर्षं निश्चिंत झोपली होती.

पाऊस थांबेना झाला की गल्ली त्या ओसरीवर यायची. कुणी देवाच्या पायाला लावावं तसं बोट त्या खिळ्याला लावायचं, तिथपासून वीतभर वर हात धरायचं, ती उंची डोळ्यांत साठवून घरी जायचं आणि सगळं सामान तेवढं उचलून ठेवायचं. पितळ बोटांनी घासून घासून सोन्यासारखं झालं होतं.

त्या दुपारीही सगळे आले. बेकरीवाली मोइरा आली, पीठ लागलेल्या कोपरांची, पुरुषी आवाजाची.

"काय म्हणतोस, डेस? आकाशाचं काही खरं दिसत नाही."

"आकाशाला बोलू दे. डॅडनी ठोकलाय."

"तुझा डॅड वर बसून नळ बंद करणार आहे का?"

"तुझा पाव जळेल, मोइरा. घरी जा."

हशा पिकला. आणि मग गल्लीभर उचलाउचल झाली. फ्रीज विटांवर चढले, गाद्या टेबलांवर चढल्या, लग्नाचे फोटो कपाटांच्या माथ्यावर चढले. साऱ्या घरांनी जणू पदर खोचले. डेसभाऊ शिडी घेऊन घरोघर फिरले. कालिंदीबाईंची पेटी त्यांनी स्वतः आपल्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली, वीतभर नव्हे, चांगली हातभर वर. चिपळी मात्र बाईंनी टेबलावर ठेवली नाही. ती कमरेला खोचली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसरा दिवस उजाडला तो उजेड न आणता. राखेच्या रंगाची सकाळ. मोबाइल थरथरला: निघा, उंचावर जा. पाठोपाठ केतकीचा फोन.

"आई, पूल गेलाय पाण्याखाली, मला येता येत नाही. मोइराची गाडी निघतेय. तू बस तिच्यात."

"डेसभाऊंना घेऊन येते."

"आई, तिथे वाद घालत बसू नकोस!"

"मी कधी वाद घालते गं?"

बाई शेजारच्या ओसरीवर पोचल्या, तेव्हा डेसभाऊंनी किटली ठेवली होती. दोन कप काढले होते. "बस, कॅली. टेकडीवर शाळेच्या फरशीवर झोपून पाठ मोडून घ्यायची कशाला? खिळा आहे."

बाई बसल्या. त्यांना बसू नये असं वाटलं नाही, हीच नवलाची गोष्ट. जन्मभर त्यांनी एक आख्यान ऐकलं होतं: अंधारी रात्र, टोपलीतलं बाळ, फणा काढून चढणारी यमुना. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, ओठांना आलं. आणि त्या सावळ्या पावलाचा स्पर्श होताच ओसरलं. इथे बुवा थांबत. चिपळी वर धरत. सारं देऊळ श्वास धरी. आणि चिपळीच्या एका ठोक्यासरशी यमुना उतरे. शेकडो वेळा उतरली होती. कालिंदीबाईंनी डोळ्यांनी पाहिली होती.

पाण्याला मर्यादा असते. कुठे ती पाऊल असते, कुठे खिळा.

खाली मोइराच्या गाडीचा भोंगा वाजला. पुन्हा वाजला. मग दूर गेला.

आणि पाणी आलं.

लाटा घेऊन नाही, गर्जना घेऊन नाही. पाहुणा अंगणात यावा तसं आलं. गवत बुडालं. फाटक बुडालं. पायऱ्या एकेक करून बुडाल्या, जपमाळेचे मणी बोटांखालून जावेत तशा. गंजलेले खिळे एकामागून एक गेले. पाणी चढत होतं.

ओसरीच्या फळ्यांच्या फटींतून ते वर आलं, तपकिरी, तेलकट, थंड. चपला तरंगल्या. कप तरंगले. दोघं खांबाशी उभी होती, डोळे पितळावर लावून. पाणी चढत होतं.

आणि ते खिळ्याला लागलं.

लागलं, आणि थांबलं.

खरोखर थांबलं. पितळाभोवती एक इवलं वलय थरथरलं. पाऊससुद्धा क्षणभर मवाळ झाला. डेसभाऊंच्या चेहऱ्यावर लहान मुलाचं हसू उमटलं: पाहिलंस? कालिंदीबाईंनी हात जोडले, डोळे मिटले, नारायण म्हणाल्या. कानांत देऊळ उभं राहिलं, समया उभ्या राहिल्या, बुवांचा वर धरलेला हात उभा राहिला.

डोळे उघडले, तेव्हा खिळा नव्हता.

तिथे पाणी होतं. फक्त पाणी. गुळगुळीत, निर्विकार, निर्नाम. जणू तिथे कधी खिळा नव्हताच, वडील नव्हते, वाक्य नव्हतं, गल्ली नव्हती.

बाईंच्या ओठांवरचं नाम अर्धंच राहिलं. असं जन्मात झालं नव्हतं. दुःख नव्हतं ते, भीतीही नव्हती. आरतीच्या मध्यावर कुणी समई विझवावी आणि विझवणारा दिसूच नये, तसं काहीतरी होतं.

डेसभाऊ वाकले. पाण्यात हात घालून खांब चाचपू लागले. "इथेच आहे," म्हणाले. "इथेच आहे. बोटाला लागतोय. डॅडनी ठोकलाय." पाणी मांडीला आलं. ते तसेच वाकलेले. "इथेच आहे, कॅली." पाणी कमरेला आलं. घरात टेबल डुचमळलं आणि पेटी पाण्यात गेली. शेवटचा एक सूर, भात्यात उरलेल्या हवेचा, कुणी झोपेत कण्हावं तसा आला आणि विरला.

तो सूर ऐकून बाई जाग्या झाल्या.

शिडी कालपासून छपराला टेकलेली होती. बाईंनी डेसभाऊंचा दंड धरला, ओढला. झाड ओढावं तसं. चार वाटांनी चालणारं इंग्रजी चारही वाटांवर बुडालं होतं. मग त्या मराठीतच कडाडल्या, देवळात पोरांनी गलका केला की कडाडायच्या तशा.

"डेसभाऊ! सोडा तो खिळा! तुमच्या वडिलांनी त्या दिवसाचं पाणी मोजलं, नदी नव्हती मोजली! वर चढा आधी. चढा म्हणते ना!"

त्यांना एक शब्द कळला नाही. पण रागावणं कळलं. बायको गेल्यापासून त्यांच्यावर रागवायला कुणी उरलंच नव्हतं. त्यांनी मान वर केली, आज्ञाधारक, ओलीचिंब. खांबावरचा हात सुटला.

छपराचा पत्रा गार होता, निसरडा होता, आणि त्यावर पाऊस हजार ताशांसारखा वाजत होता. दोघं वर पोचली, आणि पाहिलं.

गल्ली नव्हती. उसाचा समुद्र नव्हता. एक अफाट, अपार, अनोळखी तपकिरी रंग होता, आणि त्यातून कुठेकुठे तांबड्या छपरांची गलबतं. एक कपाट दार उघडून वाहत गेलं. एक गाय गेली, मान उंच धरून, डोळे विस्फारून; डेसभाऊंनी तिला हाक मारली, नाव घेऊन, आणि ती पलीकडे दिसेनाशी झाली. कापराच्या झाडांचे फक्त शेंडे उरले होते. तरी वास येत होता. ओला, हिरवा, आरतीचा वास. बाईंनी तोंड फिरवलं.

पाणी चढत होतं.

मग धुक्यात कुठेतरी इंजिनाची घरघर आली. होडी! दोघं ओरडली. पाऊस आवाज गिळत होता. घरघर डावीकडे गेली, उजवीकडे गेली, दूर जाऊ लागली. डेसभाऊंचा घसा बसला. पाणी पन्हाळीला लागलं.

कालिंदीबाईंचा हात कमरेशी गेला.

गाठ ओली होती, घट्ट होती, वर्षांची होती. दातांनी सोडली. लाल फडकं वाऱ्यानं नेलं. चिपळीची दोन लाकडं तळहातात आली, आणि बाईंना कळलं की त्यांनी ही कधीच वाजवली नव्हती. ही बुवांची, आपण मागे उभ्या राहणाऱ्या. क्षणभर बोटं अडली. मागे आता कोण उभं होतं? एक म्हातारा शेजारी, थंडीनं निळा पडलेला.

बाई उभ्या राहिल्या. निसरड्या पत्र्यावर, पाय रोवून, नारदाच्या गादीवर उभं राहावं तशा. आणि चिपळी वाजली.

छन्. छन्. छन्‌छनाछन्.

लाकडावर लाकूड, पितळेवर पितळ. पावसाचा आवाज जाड होता, धुकट होता. चिपळीचा आवाज बारीक होता, धारदार होता. तो पावसाच्या आरपार सुईसारखा गेला. यमुना उतरवायला नव्हे. यमुना उतरणार नव्हती, ते बाईंना आता ठाऊक होतं. फक्त इथे कुणी आहे, इथे कुणी आहे, एवढंच.

घरघर थांबली. वळली. जवळ आली.

धुक्यातून आधी एक पत्र्याची होडी आली, मग तिच्यावर पीठ धुऊन गेलेली, चिंब, थरथरणारी मोइरा.

"म्हटलं चर्चची घंटा वाजतेय की काय! डेस, मूर्खा, चढ आत! खिळा म्हणे!" आणि ती बोलता बोलता रडू लागली.

होडी निघाली. कालिंदीबाईंनी मागे वळून पाहिलं. खांब छपरापर्यंत गेला होता आणि तिथे संपला होता. खांब संपला होता. पाणी संपलं नव्हतं.

पाणी ओसरलं, तेव्हा त्यानं चिखल ठेवला, वास ठेवला आणि एक विलक्षण शांतता ठेवली. गल्लीभर घरांपुढे ढीग लागले: फुगलेल्या गाद्या, विटांवरून कोसळलेले फ्रीज, चेहरे पुसलेले लग्नाचे फोटो. माणसं वाचली होती, शेजाऱ्यांच्या होड्यांनी वेचून आणली होती. केतकी चिखलातून धावत आली, आईला मिठीत घेऊन नुसती उभी राहिली. मग अनोळखी माणसं फावडी घेऊन आली, कुणी सूप आणलं, मोइरानं टेकडीवरच्या शाळेत पाव भाजला.

डेसभाऊंना कुणी बोल लावला नाही. तेच त्यांना सोसेना. एका सकाळी ते पक्कड घेऊन खांबाशी गेले. पितळी खिळा चिखलाखाली होता, जागच्या जागी.

"राहू द्या," कालिंदीबाई म्हणाल्या. "तो खोटं नाही बोलला. एवढं आलं होतं, एवढंच तो सांगत होता. बाकीचं आपण बोललो."

त्यांनी मूठ उघडली. पाण्यानं चिपळीचं लाकूड चिरलं होतं आणि एक पितळी चकती सुटून आली होती. ती त्यांनी डेसभाऊंच्या हातावर ठेवली.

मोइरानं शिडी धरली. डेसभाऊ चढले, ओसरी ओलांडून, पन्हाळ ओलांडून, छपराच्या त्रिकोणी कपाळावर चिखलाची रेघ होती तिथपर्यंत. चकती ठोकली, पण घट्ट नाही. वाऱ्याला हलेल अशी.

"आता लोक विचारतील, कॅली. काय सांगू त्यांना?"

"एवढं आलं होतं."

"आणि याच्या वर?"

बाईंनी नदीकडे पाहिलं. ती आपल्या पात्रात परतली होती. मातकट, मेदुर, मंदगामिनी. लेकरू कडेवर घेऊन, जशी काही ती नव्हेच.

"याच्या वर किती, ते नदीलाच ठाऊक. वाजलं की निघा म्हणावं."

वारा आला. कापराची झाडं हलली. उंच, फार उंच, जिथे कधी पाणी येणार नाही अशी साऱ्या गावाची खात्री होती, तिथे एक इवलं पितळ किणकिणलं. आणि चिखलातली सगळी माणसं फावडी थांबवून आधी वर पाहू लागली, मग नदीकडे, मग एकमेकांकडे. आणि पितळ किणकिणतच राहिलं, वाऱ्यावर, उन्हावर, पाण्याविना, छन्, छन्, छन्.